दुसेक सरांनी ऑइल बदललं

मे महिन्यात विमानाची वार्षिक तपासणी करून देताना रोंडा सेडलाक म्हणाली होती, "ऑइल तुमचं तुम्ही बदललंत तरी चालतं, सर. मालकानं बदललेलं नियमात बसतं. पण..." आणि नेमका तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती बोलत बोलत बाहेर गेली आणि तो 'पण' हँगरमध्येच राहून गेला. लीलंड दुसेक सर तो उन्हाळाभर डोक्यात घेऊन हिंडले.

पण म्हणजे काय? विलो फोर्कच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला आठ बाटल्या ऑइल बदलता येऊ नये? आणि हे म्हणणार कोण, तर रोंडा. जिनं नववीत नेब्रास्काच्या नकाशात प्लॅट नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे सरळ डोंगरावर चढवली होती. सरांनी तो नकाशा तिच्याकडून चार वेळा नव्यानं काढवून घेतला होता. लहान गावात आयुष्यभर शिकवलं की हा एक उपद्रव होतो. गावातला दंतवैद्य, पोस्टमास्तरीण, विमानाची मेकॅनिक, सगळे आपल्या हाताखालून गेलेले असतात, आणि त्यातले निम्मे तरी जुनी कसर भरून काढायला टपलेले असतात, असं सरांचं मत होतं. दंतवैद्यानं गेल्या वर्षी दाढ काढताना गरजेपेक्षा जास्त जोर लावला याबद्दल तर त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

तरीही हा 'पण' त्यांनी गिळला असता. पण ऑगस्टमध्ये मार्लिस विमानात बसायला तयार झाली.

मार्लिस म्हणजे सरांची बायको, इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका. ती गेल्या बावीस वर्षांत त्या विमानात बसली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी एका टाकीतलं पेट्रोल संपत आलं असताना दुसऱ्या टाकीची कळ फिरवायला सरांना दोन सेकंद उशीर झाला आणि इंजिन खोकलं. एकदाच खोकलं. लगेच सुरळीत झालं. उतरल्यावर मार्लिसनं पर्स उचलली आणि शांतपणे सांगितलं, "लीलंड, मी वॉर्डात माणसं बघते. खोकला मी कधीच अंगावर काढू देत नाही." त्यानंतर ती धावपट्टीच्या कुंपणाशी उभी राहून हात हलवायची, आणि पुढे पुढे तेही थांबलं.

सर दर रविवारी एकटेच उडत. घरी येऊन मका किती वाढलाय, नदीला पाणी किती आहे, हे सगळं सांगत. ती विणता विणता मान हलवी. विमान चार खुर्च्यांचं. मागच्या दोन रिकाम्या असल्याचं सरांना काही नव्हतं, पण उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीचं त्यांना फार वाईट वाटे. तिचा पट्टा ते प्रत्येक वेळी नीट लावून ठेवत.

तर त्या शनिवारी मार्लिसच्या थोरल्या बहिणीचा, बर्नाडीनचा, पंचाहत्तरावा वाढदिवस होता. ती राहते नदीपलीकडे. नदीवरचा पूल दुरुस्तीला काढलेला, त्यामुळे मोटारीनं वळसा घालून जायचं तर साडेतीन तास, आणि हवेतून पस्तीस मिनिटं. बर्नाडीननं फोनवर फार गोड आवाजात सांगितलं, की तू कशाला त्रास घेतेस, तुझी गुडघेदुखी, त्यात तू काही त्या यंत्रात पाय ठेवायची नाहीस, मी फोटो पाठवीन. मार्लिसनं फोन ठेवला आणि विचारलं, "शनिवारी किती वाजता निघायचं?"

"कशानं?" सरांनी विचारलं.

"विमानानं."

सरांना खुर्ची ओढून बसावं लागलं. मार्लिसनं तेवढ्यात पुढचंही सांगून टाकलं. "इंजिनाची तब्येत आधी नीट बघून घे. जराशी जरी शंका असली तरी मी येणार नाही. आणि मग मला पुन्हा कधी विचारायचं नाही."

इंजिनाची तब्येत म्हणजे पहिल्यांदा ऑइल. ते बदलायला झालंच होतं. रोंडा दोन जिल्हे पलीकडे फवारणीच्या विमानांच्या कामात अडकलेली, शनिवारी सकाळी परतणार होती. तोवर थांबावं असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटलं असतं. गुरुवारी सकाळी सर नवी विजार घालून हँगरवर गेले.

हँगरच्या रांगेत सरांच्या एका बाजूला आर्लो आणि दुसऱ्या बाजूला ड्वाइट. आर्लोनं चाळीस वर्षं शेतांवर औषध फवारलं आणि त्यात दोन इंजिनं हवेत गमावली. आता तो दिवसभर घडीच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसतो आणि दुसऱ्यांचं काम बघतो. ड्वाइटनं आयुष्यभर विमा विकला. त्याच्या हँगरची फरशी पांढरी रंगवलेली आहे आणि आत जाताना बूट काढावे लागतात. त्याच्याकडे प्रत्येक हत्यार आहे, प्रत्येक हत्यारामागे भिंतीवर त्याच्या आकाराची रेघ आहे, आणि कुणी मागायला गेलं तर आधी वहीत सही करावी लागते आणि मग ते हत्यार कसं धरावं यावर वीस मिनिटं ऐकून घ्यावं लागतं.

आमच्याकडची माणसं कुणाला तोंडावर चूक म्हणत नाहीत. तुम्ही शिडी उलटी लावलीत तरी ते बाजूला उभे राहतात, कॉफीचा घोट घेतात आणि म्हणतात, "असंही करतात काही जण." सबंध नेब्रास्कात याहून भयंकर वाक्य नाही. सरांनी इंजिन गरम करायला दहा मिनिटं चालवलं, बंद केलं, वरचं झाकण काढलं आणि खाली आइस्क्रीमची बादली ठेवली, तेव्हा आर्लोनं ते पहिल्यांदा म्हटलं.

आता आइस्क्रीमच्या बादलीत काय वाईट आहे? आमच्या भागात घर म्हटलं की या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादल्या असायच्याच. त्यात टोमॅटो ठेवतात, खिळे ठेवतात, कुत्र्याला पाणी देतात, पाहुण्यांबरोबर उरलेलं जेवणही देतात. बादलीला नावं ठेवायला जागाच नाही. फक्त तिच्यात पाच बाटल्या मावतात आणि इंजिनात आठ होत्या. छत्तीस वर्षं जगातल्या धरणांची क्षमता पाठ करून घेणाऱ्या माणसाला हे आठवलं, तेव्हा ऑइल बादलीच्या कडेपर्यंत आलं होतं. इंजिनाच्या तळाची तोटी वर दाबून फिरवली की उघडी अडकते, ती परत फिरवून सोडवायची असते. सरांनी ती नुसतीच ओढली. नवी विजार दहा मिनिटांत जुनी झाली. शेवटी आर्लो खुर्चीतून उठला, त्यानं दोन बोटांनी तोटी फिरवली आणि परत जाऊन बसला. तो काहीही बोलला नाही, हे सरांना जास्त लागलं.

पुढचं फार लांबवत नाही. जुना फिल्टर काढताना त्यातलं ऑइल पुढच्या चाकावर गेलं. फिल्टर इंजिनाच्या थरथरीनं सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधावी लागते. ती बांधताना सरांच्या तीन बोटांतून रक्त आलं. उरलेलं ऑइल काढून झाल्यावर त्यांनी नव्या ऑइलची पहिली बाटली वरून ओतली, आणि ती सरळ खाली बादलीत उतरली, कारण तोटी अजून उघडीच होती. त्या बाटलीभर नव्या, मधासारख्या ऑइलकडे सर बराच वेळ बघत उभे राहिले. मग तोटी बंद करून, तीन वेळा ती बंद असल्याची खात्री करून, त्यांनी आठ बाटल्या भरल्या.

आता एकच काम राहिलं होतं. जुना फिल्टर कापून आतली कागदाची घडी उलगडून बघायची. इंजिन आतून झिजत असलं तर त्या घड्यांमध्ये धातूचे कण सापडतात. नाडी बघावी तसं हे आहे. फिल्टरचा पत्र्याचा डबा कापायला कटर नावाचं खास हत्यार असतं, डबा उघडायच्या चावीसारखं गोल फिरणारं. ते ड्वाइटकडे होतं. म्हणजे वहीत सही आली, वीस मिनिटं आली. सरांची विजार ऑइलनं भिजलेली, बोटांना चिंध्या बांधलेल्या. अशा अवतारात त्या पांढऱ्या फरशीवर मोजे घालून उभं राहण्यापेक्षा मरण बरं, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी भिंतीवरची धातू कापायची करवत, हॅक्सॉ, काढली. लोखंड लोखंडाला कापतं, यात कसलं आलंय शास्त्र?

दहा मिनिटं घासून डबा उघडला. आतला कागद उलगडला. उन्हात धरला.

कागद चमचमत होता.

नेमका त्याच वेळी ड्वाइट दारात आला. आता माणसाचं मन कसं असतं बघा. इंजिनात धातू सापडलाय, शनिवार दोन दिवसांवर आलाय, बायकोला काय सांगायचं कळत नाही, आणि या सगळ्यात सरांच्या हातांनी पहिली गोष्ट काय केली, तर ती हॅक्सॉ रंगाच्या डब्यांमागे सरकवली. ड्वाइटनं कागद बघून विचारलं, "कटरनंच कापलास ना?" सरांनी मान हलवली. ती हो होती की नाही हे त्यांनी मानेवरच सोडलं, आणि ड्वाइटनं हो धरलं.

मग चौकशी समिती बसली. ड्वाइटनं लोहचुंबक आणलं. कण टपाटप चिकटले. म्हणजे पोलाद, आणि पोलाद म्हणजे इंजिनाच्या आतले महत्त्वाचे भाग, असं तो म्हणाला. त्यानं भिंग आणलं. काही कण निळे दिसत होते. ड्वाइटचा चेहरा गंभीर झाला. पोलाद बेसुमार तापलं की निळं पडतं, हे त्यानं पुस्तकातून वाचून दाखवलं. आर्लोनं भिंगातून एकदा बघितलं, टोपी काढली आणि छातीशी धरली. पहिलं इंजिन गेलं तेव्हा असेच कण निघाले होते, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्याच्या वेळी बघायला फिल्टर उरला नव्हता.

आता लॉगबुकात काय लिहायचं यावरून दोघांत जुंपली. विमानावर केलेलं प्रत्येक काम त्या वहीत शाईनं लिहून सही करावी लागते. मेकॅनिकनं बघेपर्यंत एक अक्षर लिहू नकोस, असं आर्लोचं म्हणणं. सापडलं ते लिहिलं पाहिजे, असं ड्वाइटचं. सर नियमाचे पक्के. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: "ऑइल व फिल्टर बदलले. जुन्या फिल्टरमध्ये पोलादाचे कण सापडले, काही निळे." खाली सही केली. मग ड्वाइटनं आग्रह केला म्हणून विमानखात्याच्या कचेरीत फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई आल्या. इंजिनाबद्दल फोनवर मी काही सांगू शकत नाही, पण लिहिलंत ते लिहिलंत, असं त्या अतिशय सभ्यपणे म्हणाल्या. आता खाली मेकॅनिकनं उत्तर लिहिल्याशिवाय विमान उडवू नका, असंही त्यांनी सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आर्लोनं कॉफी प्यायली आणि म्हणाला, "असंही करतात काही जण."

त्या संध्याकाळी घरी मार्लिस खसखशीच्या सारणाचे कोलाच, म्हणजे छोटे गोड पाव, भाजत होती. बर्नाडीनला खसखशीचे आवडतात, पण स्वतःच्या हातचे तितके जमत नाहीत, हे मार्लिसला चांगलं माहीत होतं. ती गुणगुणत होती. इंजिन कसं आहे, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, ऑइल बदललं. हे खोटं नव्हतं. सकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं.

पण सकाळी नऊ वाजता दारावरची घंटा वाजली.

आर्लो पहाटे सहाला गावातल्या उपाहारगृहात जातो, आणि तिथे सांगितलेली गोष्ट आठपर्यंत सबंध गावाला माहीत होते. दारात पास्टरची बायको उभी होती, हातात झाकलेलं गरम काचेचं भांडं. आमच्याकडे कुणाच्या घरी मृत्यू झाला की शेजारपाजारच्या बाया खिमा-बटाट्याचं असं भांडं घेऊन येतात, तळाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावलेली. पास्टरच्या बायकोनं भांडं टेबलावर ठेवलं आणि मार्लिसला मिठीत घेतलं. फार वाईट झालं म्हणाली. किती वर्षांचं होतं, विचारलं. शेवटी अचानकच गेलं का, की आधीपासून काही लक्षणं होती?

मार्लिसच्या डोळ्यांपुढून सगळे नातेवाईक एकेक करून गेले. बर्नाडीनपाशी येऊन ती थबकली आणि तिनं भिंतीला हात टेकला. इंजिन गेलंय, माणूस कुणी नाही, हे कळायला पाच मिनिटं लागली. तोवर दुसरी घंटा वाजली होती. संध्याकाळपर्यंत पाच भांडी जमली, आणि एक हिरवी जेली, जिच्यात किसलेलं गाजर होतं. दंतवैद्यानं फुलं पाठवली. कार्डावर 'सहवेदना' लिहिलं होतं.

मार्लिस ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. तिनं भांडी आकारानं लावून फ्रिजमध्ये ठेवली, हात पुसले आणि समोर येऊन बसली.

"मला हे गावाकडून कळलं, लीलंड. तुझ्याकडून नाही कळलं."

बर्नाडीनला फोन करून फोटो पाठव म्हणून सांगते, असं म्हणून ती फोनपाशी गेली. रोंडा सकाळी येतेय, तेवढं थांब, असं सरांनी विनवलं. नापास होणारी मुलं ज्या आवाजात विनवतात तसा तो आवाज होता, आणि तो त्यांच्या स्वतःच्याच ओळखीचा वाटला. मार्लिसनं फोन खाली ठेवला. बावीस वर्षांनी ती खुर्ची भरणार होती आणि आपण ती घालवली, हा एकच विचार करत सर त्या रात्री कुशी बदलत राहिले.

शनिवारी सकाळी आठला हँगरसमोर एखादी अंत्ययात्रा निघावी तशी गर्दी होती. आर्लो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. ड्वाइटनं कण काचेच्या बाटलीत घालून तारीख लिहून आणले होते. मार्लिस मोटारीतून उतरली नाही; निळा फुलाफुलांचा पोशाख घालून, मांडीवर कोलाचचा ट्रे घेऊन, खिडकीची काच खाली करून बसली होती. तिनं तो पोशाख घातला होता, एवढ्यावरच सरांचा जीव टांगणीला लागला होता.

रोंडा आली. तिनं भिंग घेतलं नाही, चुंबक घेतलं नाही. सरांचं लॉगबुकातलं वाक्य वाचलं. कागदाची घडी उलगडली, कण कुठे आहेत ते बघितलं. कडेला होते, खोल घड्यांत एकही नव्हता. मग तिनं कापलेल्या डब्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"सर, हे कशानं कापलंत?"

"कटरनं," ड्वाइट म्हणाला. "मी विचारलं होतं ना. त्यानं हो म्हटलं."

सगळे सरांकडे बघायला लागले. मोटारीच्या खिडकीतून मार्लिसही बघत होती. सरांना मनातून अजून एकदा मान हलवावीशी वाटली. ती कुठल्या दिशेनं हलली ते मानेवर सोडता आलं असतं, आणि रोंडानं पुढे काही विचारलं नसतं, कारण सर म्हटल्यावर मुलं फार खोलात जात नाहीत. सर रंगाच्या डब्यांपाशी गेले, मागे हात घातला आणि हॅक्सॉ काढून टेबलावर ठेवली.

"हॅक्सॉनं," ते म्हणाले. "ड्वाइटला मी खोटं सांगितलं. मान हलवून."

रोंडानं रिकामा डबा उचलला. त्याला बाहेरून निळा रंग होता, आणि कापल्याच्या जागी तो रंग पत्र्याच्या किसाबरोबर खरवडून गेला होता.

"इंजिनाला आतून कुणी निळा रंग देतं का, सर?"

बाटली, तारीख, चुंबक आणि पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या ड्वाइटचा चेहरा हळूहळू त्या डब्याच्या रंगाकडे झुकायला लागला. आर्लोनं टोपी परत डोक्यावर घातली. या वेळी तरी तो ते वाक्य म्हणणार नाही, असं सरांना वाटलं होतं. पण आर्लोनं हॅक्सॉकडे बघितलं, कॉफीचा घोट घेतला आणि तेच म्हणाला.

रोंडा आता इंजिनात डोकं घालून होती. फिल्टरची तार उलट्या बाजूनं बांधलेली निघाली. अशी तार फिल्टर धरून ठेवत नाही, सैल होऊ देते. मेमधल्या तिच्या 'पण' पुढे काय होतं ते तिनं तेव्हा सांगितलं: "पण पहिल्या वेळी तार मला दाखवा." एवढंच होतं ते, आणि सर उन्हाळाभर त्याच्याशी भांडले होते. रोंडानं तार कापून टाकली, नवा तुकडा सरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "परत करा."

पहिल्यांदा पीळ सैल आला. परत करा. दुसऱ्यांदा तार तुटली. परत करा. तिसऱ्यांदा चांगली झाली असं सरांना वाटलं, पण रोंडानं नुसतं बघितलं आणि पक्कड त्यांच्यापुढे धरली. प्लॅट नदी चार वेळा काढवून घेतली तेव्हा आपणही याच चेहऱ्यानं उभे होतो, हे सरांना आठवलं. चौथ्यांदा तार बसली. रोंडा म्हणाली, आता बरोबर आहे. ती हसली नाही, आणि सरांना ते फार आवडलं.

मग इंजिन पंधरा मिनिटं चालवून बघितलं. कुठे गळत नव्हतं. आवाज स्वच्छ होता. रोंडानं लॉगबुक उघडलं. खाली तिचं उत्तर ती लिहिणारच होती, पण वरचं वाक्य सरांचं होतं. सरांनी विचारलं, ते पान बदलता येणार नाही का.

"खोडायचं नाही, गिरवायचं नाही," रोंडा म्हणाली. "चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे कसं चुकलं ते दिसतं. आम्हाला वर्गात कुणी शिकवलं होतं?"

सरांनी एकच रेघ मारली आणि पुढे त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: "वरील कण इंजिनातले नव्हेत. मी फिल्टर हॅक्सॉनं कापला आणि ते लपवलं. इंजिन निर्दोष आहे." जोवर विमान आहे तोवर ती वही राहणार. पुढचा मालक वाचणार, त्याच्या पुढचा वाचणार. सरांनी सही केली तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

मार्लिस मोटारीतून कधी उतरली ते त्यांना कळलंच नाही. ती शेजारी येऊन उभी होती. तिनं लॉगबुक हातात घेतलं आणि रुग्णाच्या खाटेच्या पायथ्याशी लावलेला कागद वाचावा तसं उभ्याउभ्या वाचलं. रेघ मारलेली ओळ वाचली, नवी वाचली, रोंडाचं उत्तर आणि सही वाचली. परत वरपासून वाचलं.

"हे तू लिहिलंस?" तिनं विचारलं.

"मीच."

मार्लिसनं वही मिटली आणि ड्वाइटच्या हातात दिली. "कोलाच मांडीवर ठेवता येतील का? मागे ठेवले तर सारण हलेल."

विमानात किती वजन चढतंय याचा हिशेब सरांना करावा लागतो. त्यांच्या कागदावर मार्लिसचं बावीस वर्षांपूर्वीचं वजन होतं. पेन्सिल हातात घेऊन ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनी काही न विचारता पेट्रोल थोडं कमी घेतलं. आयुष्यात काही धडे माणूस पहिल्याच फटक्यात शिकतो. मागच्या खुर्चीवर तीन काचेची भांडी पट्ट्यानं बांधून ठेवली. फुकट का घालवायची, असं मार्लिस म्हणाली. बर्नाडीनकडे चाळीस माणसं जेवायला होती. गाजराची जेली तिनं आर्लोला दिली.

उड्डाण झालं तेव्हा मार्लिसनं डोळे मिटले होते. नदीच्या अलीकडे कधीतरी तिनं ते उघडले. खाली मका होता, दुरुस्तीला काढलेला पूल होता, वाळूत पसरलेली प्लॅट नदी होती, पश्चिमेकडून पूर्वेकडे व्यवस्थित वाहणारी. मार्लिस काचेला कपाळ टेकून बघत राहिली. बावीस वर्षं दर रविवारी सर जे सांगत आले होते ते सगळं तिथे होतं, आणि ती ते आता स्वतः बघत होती. सरांनी उगाच एका काट्यावर बोट आपटलं.

तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला.

सर ताठ झाले. डोळे काट्यांवर गेले, ऑइल ठीक, पेट्रोल ठीक. हात टाकीच्या कळीवर गेला, ती बरोबर जागी होती. इंजिन एकसुरात चाललं होतं. पुन्हा खोकला आला.

त्यांनी उजवीकडे बघितलं. मार्लिसच्या ओठाला खसखस लागली होती. ट्रेमधल्या कडेच्या रांगेत एक कोलाच कमी होता.

"मी खोकले, लीलंड," ती म्हणाली. "तू पुढे बघ."